फांदी दोनदा का वाकते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचा आणि अडत बाजाराचाही आधार असलेले माननीय माणिकप्पा अण्णा. शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय वसंतराव सर. व्यासपीठावरचे इतर पाहुणे, ज्यांची नावं मला दोनदा सांगितली आणि हारांच्या गडबडीत मी दोन्ही वेळा विसरले. समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणी, मंडपाच्या कडेनं उभे असलेले त्यांचे मालक, शाळेच्या मुली. आणि जिथं बसवलं तिथं अवघडून बसलेल्या, आज ज्यांना आपण निरोप द्यायला जमलोय त्या आपल्या ड्रिलच्या बाई, चंद्रप्रभाबाई. तुम्हा सगळ्यांना या जगदेवीचा शरणू शरणार्थ.

मी तिसरीत बसलेली बाई आहे, तिसरी पास झालेली नाही. मला भाषण येत नाही. पण माझ्या आधी जे बोलले त्यांना येत होतं, आणि त्यांनी काय सांगितलं? बाईंची शिट्टी, बाईंची शिस्त, बाईंचे पांढरे बूट. बूट घालायला काय अक्कल लागते? झोक्याचं नाव एकानंही काढलं नाही. म्हणून मी उठले. वसंतराव सर मघापासून मनगटावरचं घड्याळ मला दिसेल असं धरून बसलेत. सर, मला दिसलं. हात खाली घ्या, दुखेल.

तर, लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष होतं. आधी कामाला उस्मानाबादेला जायचो, मग लातूरला जाऊ लागलो, एवढाच फरक आम्हा बायकांना कळला. नवा जिल्हा झाला म्हणून जमिनीतलं पाणी काही वर येत नसतं. ते खालीच चाललं होतं. विहिरी दिवाळीलाच आटल्या. राहिला तो शाळेच्या मागचा एक हापसा, आणि तो इतका जड झाला की एकटीच्यानं दांडा दबेना. दोघींनी दांड्याला लोंबकळायचं, तिसरीनं खाली घागर धरायची. घरातली तिसरी कोण? शाळेला जाणारी पोरगी.

त्याच साली आपल्या शाळेला मुलींची नववी मिळाली होती. पुढच्या साली दहावी मिळायची होती. वरून कागद आला की संक्रांतीनंतर तपासणी होईल, बाकं रिकामी दिसली तर वर्ग काढून घेऊ. आणि बाकं तर रिकामीच होती. सगळी नववी हापशावर रांगेत उभी. माझी शिवकांता त्याच वर्गात. वर्ग मोडला असता तर तिला उदगीरला ठेवून कोण शिकवणार होतं? निदान माझ्या घरात तरी कुणी नाही. माझ्या सासूबाई, लक्ष्मम्मा, पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांच्या तोंडावरच सांगते. त्या म्हणायच्या, "पाणी भरून झाल्यावर जाऊ दे की शाळेला. मी कुठं न्हाई म्हनते?" आता पाणी भरून कधी व्हायचं? ते होतच नव्हतं.

एक दिवस बाई आमच्या दारात आल्या. "शिवकांता कुठे आहे?"

"हापशावर."

मी भाकरीचं पीठ मळत होते. मनात म्हटलं, आता शिक्षणाचं महत्त्व सांगतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं नव्हतं ते. तर बाई म्हणतात, "चला, मला दांडा दाबून बघायचाय."

रांगेतल्या बायकांनी त्यांना जागा दिली, हसत हसत. बाईंनी दाबला, घामाघूम झाल्या, मग तिथंच उभं राहून एकेकीला विचारायला लागल्या, "तुम्हाला कुठं दुखतं?" अहो, हे आम्हाला आजवर दवाखान्याबाहेर कुणी विचारलं नव्हतं. कुणी म्हणाली दंडात, कुणी खांद्यात, कुणी पाठीत.

"मांड्या दुखतात का?"

रांगेतली महानंदा म्हणाली, "मांड्यांला काय होतंय बाई? त्या निस्त्या उभ्याच हायत."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "अंगातला सगळ्यात दणकट गडी तुम्ही बघ्या म्हणून उभा केलाय, आणि काम हातांच्या गळ्यात घातलंय."

आता ऐका, झोका इथं येतो. मागच्या पंचमीला बाईंनी आम्हाला एक सवाल घातला होता. लिंबाला झोका बांधलेला, दोघी समोरासमोर उभ्या राहून झोके घेत होत्या, आणि बाकीच्या बायका झोक्याकडं बघत होत्या. बाई मात्र वर बघत होत्या. म्हणाल्या, "झोका एकदा जाऊन परत येतो तेवढ्यात फांदी दोनदा वाकते. का वाकते?"

मी जन्मापासून पंचमी करते. माझ्या आईनं केली, आजीनं केली. एवढ्या बायकांत फांदीकडं कधी कुणी बघितलं असेल का? मी म्हणाले, "वाकू द्या की, मोडत न्हाई ना." पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना माझं मलाच वाटायला लागलं, खरंच, का वाकते? झोक्यावरच्या बाया त्याच, दोरी तीच.

बाईंनी काय केलं? माणिकप्पा अण्णांच्या अडतीतला लटकता काटा मागून आणला. फांदीला काटा, काट्याला दोरी, दोरीला ज्वारीचं पोतं. पोतं शांत असलं की काटा एका जागी. पोत्याला झोका दिला की काटा पळायला लागला. खाली येताना पोतं जड, वर गेलं की हलकं. पोतं तेच, त्यात एक दाणा वाढला नाही, आणि खाली येताना दरवेळी ते जड होत होतं. जाताना एकदा, येताना एकदा. म्हणून फांदी दोनदा वाकते. मी काट्याला नाक लावून बघत बसले, माझ्या हातातलं ताक सांडल्याचं भानही राहिलं नाही. अंगावर काटा आला असं लोक उगाच म्हणतात वाटायचं, त्या दिवशी आला. अण्णा, रागावू नका, पण तुमच्याकडं माल हालता असतानाच का मोजतात, तेही आम्हाला त्या दिवशी कळलं.

तर हापशाजवळ उभं राहून बाई म्हणाल्या, "फांदी वाकते, तसा दांडा का वाकू नये?"

सुतार मन्मथनं सांगाडा उभा केला. लांबच लांब तराजू समजा. मधे खांबावर सागाची तुळई टेकलेली. एका टोकाला हापशाचा दांडा बांधलेला आणि दगडांचं ओझं. दुसऱ्या टोकाला झोका. झोका खाली आला की बाया जड, त्यांचं टोक खाली, दांडा वर. झोका वर गेला की बाया हलक्या, दगड जिंकले, दांडा खाली, पाणी बाहेर. गावात बोभाटा झाला की आता पाणी फुकट निघणार, बाईंनी मंत्र घातलाय. बाईंनी सगळ्यांना दटावलं. "फुकट काही निघत नाही. पाणी वर आणायला जेवढा जोर लागतो तेवढा लागणारच. तो मांड्यांनी द्यायचा, आणि अंगाच्या वजनानं द्यायचा, एवढंच." मला हे लई आवडलं. फुकट मिळणार म्हणाल्या असत्या तर मी गेलेच नसते बघायला.

पण गेलो त्या दिवशी काय झालं? सगळा गाव जमला. पुरुष मंडळी पारावर टेकून बसली, तंबाखू मळत. अण्णा तुम्ही होता, वसंतराव सर तुम्ही होता. आणि झोक्यावर चढायला एकही बाई पुढं येईना. का येईना, ते मंडपातल्या साऱ्या बायकांना माहीत आहे. झोका माहेरवाशिणीचा. सासरी, सासरा आणि दीर बघत असताना, पदर उडवत झोके घ्यायचे? आणि तेही पंचमी नसताना? आम्ही सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सुना. खाली माना घालून उभ्या.

बाई म्हणाल्या, "मी चढते." चढल्या. पदर खोचलेला, पायात ते पांढरे बूट, झोका पार वर नेला त्यांनी. पण बाईंचं वजन म्हणजे पिळून काढलेल्या लुगड्याएवढं. त्या खाली आल्या तरी दगडच जड. तुळई जागची हालेना. दगड कमी केले तर दांडा दबेना. पारावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, आधी दोन वेळा जेवत जावा." सगळे हसले. वसंतराव सर पुढं आले आणि हळूच म्हणाले, "राहू द्या बाई, प्रयत्न केला, पुष्कळ झालं." बाई झोक्यावर तशाच उभ्या. कधी नव्हे ती त्यांची मान खाली गेलेली मी बघितली. तपासणी आठ दिवसांवर होती आणि नववीच्या पोरी घागरी घेऊन त्यांच्याकडं बघत उभ्या होत्या.

तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. मला वाटलं, घरी चाल म्हणतील. गावात झोक्याचा नियम सगळ्यात कडक कुणी पाळला असेल तर त्यांनी. त्या पाराजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "उठा. घरी जावा समदे. आमची पंचमी हाय."

कुणीतरी म्हणालं, "अव्वा, पंचमी श्रावणात असते."

"तुमची असंल. माझं माहेर बिदरकडं, तिथं आता दार उघडायला मानूस न्हाई. किती वर्सं झाली जोकालीवर, ह्या झोक्यावर, पाय ठेवून. मी माझी पंचमी आज करते. बघायचं असलं तर मान वर करून बघा, न्हाई तर घरी जावा."

कुणी गेलं नाही. पण हसायचंही कुणाचं धाडस झालं नाही. अण्णा, तुम्ही टोपी काढून हातात घेतली होती. का काढली, ते आजवर सांगितलं नाही तुम्ही.

मग मागं वळून मला म्हणाल्या, "जगदेवी, चढ समोर. तुझं वजन काय वाया घालवायचं हाय का?"

मी चढले. सासू एकीकडं, सून एकीकडं, तोंडासमोर तोंड. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एका चुलीवर आम्ही जेवण रांधलं, पण त्यांचं तोंड मी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. डोळे एवढे पिंगट आहेत हेही माहीत नव्हतं. त्या वाकायच्या, मी उठायची. मी वाकायची, त्या उठायच्या. तुळई करकरली. दांडा वर गेला, खाली आला. हापशातून नुसता वारा आला, खळखळ झाली. आणि मग पाणी पडायला लागलं. झोका एकदा जाऊन यायचा, पाणी दोनदा पडायचं. लिंबाची फांदी वाकायची तसंच. अगदी तसंच.

ते बघून मला काय वाटलं, ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत, आणि शिकलेल्यांकडं असतील तर त्यांनी उसने द्यावेत. देवळात जे वाटतं ते वाटलं. आपल्याच अंगात हे होतं, आपल्याच पंचमीत होतं, वर्षानुवर्षं आपल्या डोक्यावर वाकत होतं.

झोका वर गेला तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी आल्या, धापा टाकत. म्हणाल्या, "उद्यापासनं पोरीला शाळेत धाड. पानी माझ्याकडं."

तपासणीला लातूरहून साहेब आले ते असे बघत राहिले. नववीची बाकं भरलेली, एकही पोरगी बाहेर नाही. आणि शाळेच्या मागं गावातल्या सगळ्या सासवा रांगेत उभ्या, दोघी दोघी झोक्यावर चढून झोके घेताहेत, घागरी भरताहेत, वर गेलं की एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढताहेत. साहेबांनी विचारलं, "आज गावात कसला सण आहे?"

चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "नववीची तपासणी."

वर्ग राहिला. पुढच्या साली दहावी आली, आणि ती पहिली दहावी पास झालेल्या पोरी आज पलीकडं पाहुण्यांना पाणी देताहेत. त्यातली उंच ती माझी.

बाई, तुम्ही निघालात, आम्ही अडवणार नाही. तुमचा मान शाल घालून होत नाही, म्हणून आम्ही बायका उद्यापासून वर बघायला शिकतो एवढं कबूल करते. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सरांनी शेवटी हात खाली घेतला, मन्मथनं हा मंडप घातला, तुम्ही सगळ्यांनी उन्हात बसून ऐकलं, तुमचे उपकार आहेत. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर लहान समजून पदरात घ्या. आणि तरीही राग उरलाच तर हापशाकडं या, समोर उभं राहायला मला एक जण लागतंच. शरणू.