दोन्ही केलं तर दाखले दोन मिळतात का?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, एकेकाळी माझे गुरुजन असलेले आणि आता सहकारी झालेले शिक्षकवृंद, पालकहो, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ‘माझं कौतुक आवरतं घे’ असं सकाळीच बजावून बसलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई,

सर्वांना नमस्कार. भाषणाची मला सवय नाही, पण बोलते.

मी शेवटच्या वर्षाला असताना शालान्त दाखल्याचे नियम बदलले. आधी सगळ्या विषयांच्या लेखी परीक्षा असत. आता गणिताच्या पेपरऐवजी वर्षभर एक प्रकल्प करून तो परीक्षकांपुढे मांडायचा होता. फलकावर नवी सूचना लागली, जुनी कुणी काढली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. विचारणार कुणाला? म्हटलं, उगाच काही कमी पडायला नको, दोन्ही करू.

सहामाहीपर्यंत माझं पार चिपाड झालं. प्रकल्प अर्धवट, गणित कच्चं. यंदा बसतच नाही, असं मी घरी सांगून टाकलं. आणि आमच्याकडे एकदा सुटलेली शाळा पुन्हा कुठली सुरू व्हायला? मावशीने तिच्या लाँड्रीत माझ्यासाठी इस्त्रीचं टेबलही रिकामं करून ठेवलं.

बाईंची पद्धत आपण जाणताच. नियम त्या स्वतः समजावत नाहीत. मुलानेच तो त्यांच्यासमोर घरच्या माणसाला सांगायचा, आणि त्या माणसाने एक तरी प्रश्न विचारायचा. आईला बोलावणं गेलं. ती कामावरून तशीच आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. मी सगळं घडाघडा सांगितलं.

“विचारा,” बाई म्हणाल्या.

“मी काय विचारणार, बाई? मला काय कळतंय त्यातलं?”

“मग हिने नीट सांगितलं नाही. परत सांग गं.”

परत सांगितलं. आईने जरा विचार केला. “दोन्ही केलं तर दाखले दोन मिळतात का?”

“नाही हो, एकच.”

“मग ही बया दोन्ही कशाला करतेय?”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “अगं, नियम मधेच बदलला म्हणून तुमच्या तुकडीला दोन्हींतलं एक निवडायची मुभा आहे! दोन्ही करायला कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही, बाई.”

“घरीही अशीच,” आई म्हणाली. “कडी लावून झाली तरी पुन्हा जाऊन बघते.”

त्या दोघी हसल्या, मी रडले. रडून इतकं हलकं वाटतं, हे तेव्हा कळलं. पेपर सोडला, प्रकल्प ठेवला, दाखला मिळाला. एकच!

यंदा नियम पुन्हा बदललेत. उद्या पालक ते समजून घ्यायला माझ्याकडे येणार आणि बाई नसणार, याची मला धास्ती होती. मघाशी चहाच्या वेळी बाईंनी मला कोपऱ्यात ओढलं. “मी आई. सांग.”

मी सांगितलं.

“माझ्या मुलीचं निम्मं वर्ष जुन्या नियमाने गेलंय. ते वाया?”

“नाही. ते धरलं जाईल.”

“नक्की?”

“नक्की.”

बाईंनी कप खाली ठेवला. “चला, सुटले मी!”

बाई, खरं सांगू? मीही सुटले. आणि हो, फलकावरची जुनी सूचना आज सकाळीच काढून टाकली आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही राहिलं असेल तर पोटात घाला. आणि काही दोनदा आलं असेल, तर ती माझी जुनी खोड समजा.