उसनी घरमालकीण

बाल्टिमोरच्या पार्लरमध्ये कॉर्लिस आपला नंबर यायची वाट बघत होती. शेजारी दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"अर्नेस्टीन, घराची किंमत ठरवायला बँकेचा माणूस परत आला होता ना?"

"आला की. मागच्या खेपेच्या माणसाने मातीमोल ठरवलं होतं. यंदा मी आधीच भिंतीवरचे आमचे सगळे फोटो उतरवले."

"आणि तो आला तेव्हा तू?"

"मी शेजारी जाऊन बसले. दारात उभं केलं गोऱ्या प्रोफेसरबाईंना."

"आपल्या काळ्या लोकांच्या घरांना किंमत कमी का, याचा अभ्यास करतात त्या?"

"त्याच. मुलाखत घ्यायला आल्या होत्या. म्हटलं, बाई, अभ्यास नंतर, आधी मालकीण व्हा."

"मग?"

"किंमत दीडपट."

"बाई काय म्हणाल्या?"

"रडायलाच लागल्या. केक खायला घातला, तेव्हा गप्प बसल्या."

कॉर्लिस खुर्ची ओढून जवळ सरकली.

"माझ्याकडे गुरुवारी येतोय तो माणूस. बाई मोकळ्या आहेत का?"