ताडपत्रीखालचा नट

जेनोवाच्या बंदरात साठ वर्षांपूर्वी काढलेला गुन्हेगारी चित्रपट आज पुन्हा लागला होता. तिकीटखिडकीत बसलेल्या निकोलेत्ताला रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"इलारिओ, यात तू खलनायकाला धक्क्यावर लोळवतोस ना रे? बायकोला लग्नाआधीपासून सांगतोयस."

"लोळवतो कसला, गोत्तार्दो! प्रेत होतो मी. ताडपत्रीखाली."

"तोंड तरी दिसतं?"

"दिसणार होतं. नायक ताडपत्री उचलणार, तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. मी उठलो आणि डबा आणायला निघालो."

"प्रेत निघालं?"

"गोदीतला माणूस मी! भोंगा झाला की आपोआप उठतो. दिग्दर्शकाने कपाळ बडवून घेतलं. शेवटी चित्रात माझे नुसते पाय ठेवले, बुटांशिवाय."

"मग आज बायकोला, एर्सिलियाला काय सांगणार?"

"पोटात दुखतंय म्हणतो आणि घरी नेतो तिला."

तेवढ्यात खाऊची पुडी घेऊन एर्सिलिया आलीच.

"कोणाच्या पोटात दुखतंय?"

"एर्सिलिया, ऐक ना, त्या सिनेमात मी..."

"प्रेत आहेस. पहिल्याच आठवड्यात आईबरोबर पाहिला मी."

"तोंड दिसत नाही, मग ओळखलंस कसं?"

"मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्याच्या आदल्या रविवारी समुद्रावर बूट काढलेस, तेव्हा तोच अंगठा पाहिला होता. म्हटलं, या बिचाऱ्याचे मोजे शिवायला कोणीतरी हवं. म्हणून तर तुला हो म्हटलं. तुझ्या त्या मारामारीवर कोण भाळतंय!"

इलारिओ खिडकीशी वाकला.

"पोरी, तीन तिकिटं दे. अगदी पुढची. पाय नीट दिसले पाहिजेत."