ज्याच्या घरात दुखणं, तो ओट्यावर

काकी, संपतदादा, आणि आबांसाठी इथे मारुंजीत जमलेले सगळेजण,

मला बोलायला उभं करू नका, असं मी कालच सांगितलं होतं. तरी नाव पुकारलं. चार ओळी लिहून आणल्या होत्या. पण संपतदादा आत्ता जे बोलले, त्यानंतर त्या वाचता येणार नाहीत.

संपतदादा म्हणाले, आबांच्या फुप्फुसाच्या आजारावर जी कंपनी औषध शोधते आहे, तिचे शेअर आपल्या रविवारच्या गटाने आबांची आठवण म्हणून घ्यावेत. तुम्ही माना डोलावल्या. मी डोलावली नाही, आणि ते काहींच्या लक्षात आलं.

पाहुण्यांसाठी सांगते. मी आबा-काकींच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. हिंजवडीत औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासते. जमिनी विकल्यावर गावातल्या पाच जणांनी बायोटेक कंपन्यांचे शेअर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आबा वर आले आणि दारातूनच म्हणाले, "या कंपन्यांकडं इकायला अजून काय बी न्हाई. नुसता वायदा हाय. वायदा वाचणारं माणूस पायजे."

मी वाचू लागले. दर रविवारी सकाळी, याच घरात. कंपनी कोणतीही असो, आबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "शेजारच्या खाचरात जुनं बी लावलं हुतं का?" नव्या भाताचं बी चांगलं की वाईट, हे शेजारी जुनं लावल्याशिवाय कळत नाही. औषधाचंही तसंच. मला हे शिकायला दोन वर्षं कॉलेजात बसावं लागलं होतं.

दुसरा नियमही आबांचाच. संपतदादा, तो तुमच्यामुळे झाला. तुमच्या आईची साखर एका गोळीने उतरली आणि तुम्ही त्या कंपनीसाठी हट्ट धरलात. आबा म्हणाले, "म्हातारीची साखर उतरली, झ्याक झालं. पन तू आता कंपनी बघत न्हाईस, आई बघतुयास. जा, वट्यावर बस." तेव्हापासून ठरलं. ज्याच्या घरात ते दुखणं, त्याने चहाचा कप उचलायचा आणि बाहेर जायचं. तुम्ही किती चिडवलंत एकमेकांना यावरून!

मग तो रविवार आला. मी याच कंपनीचे, फुप्फुसं कडक होण्याच्या आजारावरच्या औषधाचे कागद काढले. कंपनीचं नाव वाचलं, आजाराचं नाव वाचलं. आबांनी कप उचलला. उठले. बाहेर गेले.

आबांचं दुखणं आम्हाला असं कळलं.

मी पुढे वाचलं. रुग्ण थोडे होते. तुलनेला दुसरा गट नव्हता. मी म्हटलं, घ्यायचं नाही. मग बाहेर गेले.

"काय ठरलं?"

"नाही घ्यायचं."

"संपत लई भांडला आसंल."

"हो."

"का न्हाई म्हनलीस?"

"शेजारचं खाचर नव्हतं, आबा."

"मग बराबर हाय," म्हणाले. आणि रस्त्याकडे बघत राहिले.

काकी, दहाव्याच्या दिवशी तुम्ही मला जिन्यात थांबवलंत. म्हणालात, "पोरी, व्हय म्हनली असतीस तर तुझं काय जात हुतं? चार दिस आशेवर काढलं असतं त्यांनी." मी खाली मान घालून वर गेले. उत्तर आज देते.

ते कागद मी त्या दिवशी तीनदा वाचले, काकी. एरवी एकदा वाचते. मी त्यात "हो" शोधत होते. सापडेना, म्हणून पुन्हा वाचत होते. म्हणजे मी कंपनी बघत नव्हते. आबांना बघत होते. नियमाप्रमाणे माझी जागा बाहेर होती, त्यांच्या शेजारी. मी आत बसले, ही माझी चूक. माझं उत्तर बरोबर होतं की नाही, ते औषधाची मोठी चाचणी संपल्यावर कळेल. पण ते उत्तर द्यायला मी नको होते. आणि तो वेळ मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं.

संपतदादा, तुमचं आबांवर किती प्रेम होतं, ते मला ठाऊक आहे. अडचण तीच आहे. पुढच्या रविवारी त्या कंपनीचं नाव निघालं, की मी कप उचलून बाहेर जाईन. तुम्हालाही यावं लागेल. आबांनी ज्यांना ज्यांना आपलं म्हटलं, त्या सगळ्यांना यावं लागेल. मग आत कोण उरेल? सांगा ना, कोण उरेल?

आत कोणी नसेल, तर खरेदी नाही. हेही आबांनीच ठरवलं होतं.

माझं बोलणं संपलं. हा माझ्या मागे त्यांचा ओटा आहे. तिथे बसल्यावर ते आतलं बोलणं कान देऊन कधी ऐकत नसत. समोरच्या रस्त्याकडे बघत असत. आपणही दोन मिनिटं तसंच उभं राहूया, गप्प, रस्त्याकडे बघत.

आबा, आज आम्ही सगळे ओट्यावर आहोत.