आप्पांचं पहिलीचं वर्ष

...आन वर बाई मलाच म्हंत्यात, "आप्पा, मांडी नीट घाला!" आता सत्तरीला टेकल्याली मांडी, ती नीट घालायची म्हंजी काय करायचं वो? एक गुडगा खाली दाबला की दुसरा वर येतोय, दुसरा दाबला की कंबर बोंबलतीया, आन ती कंबर बोंबलत असताना आपन काय करायचं? तर हाताची घडी, तोंडावर बोट! गावात ग्रामसभेला मी कवा कुनाचं आयकून घेतलं न्हाय, सरपंचाला उबं धरून बोललोय, आन हितं ती वर्गाची मॉनिटर, सृष्टी नावाची एवडीशी पोरगी, फुडचं दोन दात पडल्याली, माज्याकडं डोळं वटारून बगतीया आन वराडतीया, "बाई, आप्पा बोलायलाय!" बोलायलाय? आगं बाय माजे, कनतोय मी!

तुमाला सांगतो, ह्यो समदा घोळ एका वाक्यानं झाला. "जरा वेळच बसा हो, आप्पा." जरा वेळच!

तुमी म्हनाल, ह्या म्हाताऱ्याला पहिलीच्या वर्गात बसायला सांगितलं कुनी? तेच तर सांगायलोय. मी मूळचा सांगोल्याकडचा. तितं आमचं घर, शेरडं, थोडीफार मेंढरं. पोरगा धनाजी हितं सोलापुरात कामाला, कुंभारीला ऱ्हातोय. आमची बजाबाई, म्हंजी माजी मंडळी, ती गेली. सकाळी शेरडास्नी पाला टाकला, जरा पडते म्हनली, आन गेली. ते जाऊ द्या. तर धनाजी आला आन म्हनला, "आप्पा, चार दिस चला तिकडं. शिवराजची शाळा सुरू व्हायलीया, आमी दोगं बी कामावर, पोराला न्यायला-आनायला कोन न्हाय." म्हनलं, चल बाबा. शेरडं धाकट्या भावाच्या, गुंडाच्या हवाली केली, त्याला सांगितलं, नातवाला शाळेत रुळवतो आन आलोच माघारी. आता पोरगं रुळायला किती दिस लागत्यात? इकत आनल्यालं कोकरू सुदिक चार दिसात कळपात मिसळतंय की!

पर न्हाय. पहिल्याच दिशी शाळेच्या दारात शिवराजनं माज्या धोतराचा सोगा असा धरला, असा धरला, की मला धोतर सांबाळावं का पोरगं सांबाळावं कळंना. आत निस्ता कालवा. एक पोरगं दाराला लटकल्यालं, एक आईच्या पदरात घुसल्यालं, एक तर कशाला रडायलोय हेच इसरून दुसऱ्याचं बगून रडत हुतं. तेवड्यात सिद्धेश्वरी बाई आल्या. बाई म्हंजी वयानं माज्या सुनंएवड्या, आवाज मधावानी, पर त्या आवाजात एकदा बोलल्या की मानूस आपसूक खाली बसतोय. म्हनल्या, "आप्पा, तुम्ही मागं दिसलात की तो रडणार नाही. जरा वेळच बसा हो." बसलो. पोरगं गप. उटलो, पोरगं सुरू. बसलो, गप. उटलो, सुरू! असं करत करत शाळा सुटायची घंटा झाली, आन बाई हसून म्हनल्या, "उद्या येताना तुमची पाण्याची बाटली घेऊन या."

माजी पानी प्यायची बाटली! सूनबाईनं आनली बी. निळी. वर ससा हाय.

आता तुमास्नी वाटत असंल, पहिलीत अ आ इ ई शिकवत्यात. मला बी तसंच वाटत हुतं. आवो, अ आ इ ई लई लांब ऱ्हायलं! आदी बसायला शिकवत्यात. मग उबं ऱ्हायला. मग एकाच्या मागं एक उबं ऱ्हायला, न ढकलता. मग तहान लागली तर इचारायला, शू लागली तर करंगळी वर करायला, आन दुसऱ्यानं करंगळी वर केल्यावर आपल्याला बी लगेच लागत न्हाय हे वळखायला. हे शेवटचं तर दिवाळीपातूर कुनालाच जमलं न्हाय. एकानं बोट वर केलं की समदा वर्ग बोट वर! आन सत्तरीत तुमाला सांगतो, ते बगून आपल्याला बी खरंच लागतीया. पर जायचं कसं? इचारल्याबिगर? "बाई, जाऊ का?" जल्मात बायकोला इचारून कुटं गेलो न्हाय मी.

तंबाखूची चंची तर पहिल्याच आठवड्यात गेली. वाईच चिमूट काडली, तर मागनं आवाज, "बाई, आप्पा खाऊ खायलाय, आमाला देईना!" चंची बाईंच्या कपाटात. सुटायच्या टायमाला परत मिळती, रोज. कपाटात तीन भवरं, एक रबरी साप आन माजी चंची. सोमवारी नखं तपासायची. मॉनिटरबाई माजा हात हातात घेती, उलटा करती, सुलटा करती आन म्हंती, "आप्पा, उद्या कापून या. न्हायतर नाव सांगनार." आन भात खायच्या आदी हात धुवायची रांग असती, त्या रांगंत मी उंचीनं शेवटचा. शेवटच्याच्या वाट्याला नळाचं पानी संपल्यालं असतंय.

बरं, हे शाळेत हाय तर शाळेतच ऱ्हावं की! पर न्हाय. गुडगं दावायला दवाखान्यात गेलो. बाकावर बसलो हुतो, आतनं नाव पुकारलं, आन मी ताड्दिशी उबा ऱ्हायलो आन मोट्यानं म्हनलो, "हजर, बाई!" डाक्टर बाप्या मानूस. समदा दवाखाना हसला. घरी जेवायला बसलो की हात जोडून डोळं मिटतो, आन मी डोळं उगडंस्तवर धनाजीनं भजी खाऊन टाकल्याली असत्यात. त्याची आई म्हनायची, ह्यो सुदरायचा न्हाय.

तिकडनं गुंडाचा फोन. "दादा, कवा येतूस? बांडी शेळी याली. दोन पिल्लं झाली." मी म्हनलो, येतो रं, पोरगं रुळू दे. फुडल्या म्हैन्यात पुन्ना फोन. "दादा, पिल्लं पाला खायला लागली, कवा येतूस?" म्हनलं, येतो रं. मग त्यो बी ताडकन बोलला, "आरं, पोरगं शाळा शिकतंय का तू?" आता ह्याला काय सांगायचं? त्याला काय म्हाईत जरा वेळच म्हंजी किती असतंय ते?

आन मी प्रयत्न केला न्हाय असं न्हाय हं! किती डाव सांगितलं, "शिवराज, उद्यापास्नं मी गावाला जानार बरं का." एवडं म्हनायचा अवकाश, पोरगं असा सूर लावायचं की शेजारच्या वर्गातलं मास्तर खडू घेऊन पळत यायचं. एकदा तर त्यो फुडं बसून चांगला हसत खिदळत हुता, मातीचा बैल करत हुता, म्हनलं हीच येळ हाय, गपचिप सटकू. दारापातूर गेलो आन सृष्टीनं घात केला. "शिवराज, तुजा आप्पा चालला!" शिवराजनं बैल खाली ठेवला. नीट ठेवला हं, शिंगं मोडू न देता. हात पुसलं. आन मग भोंगा पसरला. मी आलो माघारी, बसलो. मनात आलं बी माज्या, की डोळ्यात टिपूस न्हाय आन आवाज एवडा कुटनं येतोय? पर लेकराच्या डोळ्यात काय बगत बसायचं?

एकदा केंद्रप्रमुख साहेब आलं वर्ग बगायला. बाई जरा घाबरल्या. मी जेवडं बारीक व्हता यील तेवडं झालो. साहेबानं पोरं बगितली, भिंतीवरची चित्रं बगितली आन मग मला बगितलं. चष्मा काडला, पुसला, पुन्ना बगितलं. "हे कोण?" बाई काय बोलायच्या आदी मॉनिटर उबी ऱ्हायली. "सर, त्यो आप्पा हाय. आमच्या वर्गातलाच." साहेब बी वस्ताद. "असं? मग अभ्यासात कसा आहे?" सृष्टीनं जरा इचार केला आन म्हनली, "चांगलाय. पर मदीच झोपतोय." साहेब गालात हसलं. मला जवळ बोलवून हळूच म्हनलं, "आजोबा, रोज येता?" म्हनलं, व्हय साहेब. "कंटाळा येत नाही?" लई येतोय, म्हनलो. आन मग जिबंवर आल्यालं एक वाक्य तितंच गिळलं, की घरात बसलो की त्याच्यापेक्षा जास्त येतोय. साहेबाला कशाला सांगायचं? उबा दिस कुंभारीच्या घरात मी आन भिंतीवरचा बजाबाईचा फोटू. दोगं बी गप.

असं करत वर्ष सरलं. निकाल लागला. बाईंनी पोरास्नी एकेक पेढा दिला, मला बी दिला. शिवराज आन मी घराकडं निगालो. ऊन असं की डांबर चप्पल सोडंना. मी म्हनलो, "शिवराज, आता तू दुसरीत गेलास. मोटा झालास. आता तरी एकटा बसशील का न्हाय?"

तर पोरगं पेढा चाटत चाटत म्हनलं, "मी कवाच बसतोय की."

"कवाच म्हंजी?"

"त्या पहिल्या आठवड्यापास्नंच."

मी रस्त्यात थांबलो. म्हनलं, आरं मग मी जातो म्हनल्यावर वराडत का हुतास, भाड्या? माजं गुडगं गेलं तितं बसून!

त्यो असा माज्याकडं बगितला, जसं काय मलाच सोपं गनित येईना. म्हनला, "आप्पा, गावाला आज्जी न्हाय. तितं तुमी कुनासंगं बोलनार? आमाला बाईंनी शिकवलंय. वर्गात कोन नवीन आलं, त्याला कोन वळकीचं नसलं, तर त्याला एकटं बसू द्यायचं न्हाय. जवळ बसवायचं."

आन पेढ्याचा उरल्याला तुकडा तोंडात टाकून चालाय लागला फुडं.

वर्षभर मला वाटत हुतं, मी ह्याला सांबाळायलोय. गावभर सांगितलं की मी, पोरगं सोडंना, पोरगं सोडंना म्हनून! आन हे एवडंसं बेनं दिवाळी, संक्रांत, शिमगा, समद्या सनाला माज्यासाटनं घसा कोरडा करून रडत हुतं. मला रडू आलं बगा. खरंच आलं. ऊन हाय म्हनून टॉवेल डोस्क्यावरनं तोंडावर घेतला.

मग म्हनलं, सुटलो! मे म्हैन्यात गेलो गावाला. घर उगडलं, झाडलं, चूल पेटवली, च्या टाकला. दोन कप झाला. सवयीनं. एक पिलो, दुसरा तसाच. शेरडं बगायला गेलो, तर ती गुंडाच्या मागं मागं, माज्याकडं मान वर करून बगंनात. बांडीची पिल्लं तर मला भिऊन पळाली. चार दिस ऱ्हायलो आन गुंडाला म्हनलं, पोराला दुसरीत पोचवून येतो रं, शाळा बदलली की पोरं बिचकत्यात. गुंडा म्हनला, "शाळा कुटं बदलली? वर्ग बदललाय." म्हनलं, तुला काय कळतंय त्यातलं?

तर परवा शाळा सुरू झाली. शिवराज दप्तर उडवत दुसरीच्या वर्गात गेला. मागं वळून बगितलं सुदिक न्हाय. चांगलं झालं म्हनलं. मी आपला फाटकात उबा. कशाला उबा, ते इचारू नका. तर शेजारी आनीक एक म्हातारा उबा. गुरुलिंग नाव, अक्कलकोटाकडचा, घरात कानडी बोलनारा. हातात नातीची बाटली, गुलाबी. नात पहिलीच्या वर्गात जाऊन बसली बी, शेजारनीसंगं खोडरबराची देवानघेवान सुरू झाल्याली. आन हे म्हंत्यात, "न्हाई न्हाई, मी हितंच थांबतो. पोरगी रडंल." पोरगी बसलीया खिदळत! म्हातारं मातर आता रडंल का मग रडंल. मी इचारलं, घरी कोन हाय? तर मान आडवी हलवली निस्ती. वर बगतोय तर पहिलीच्या दारात सिद्धेश्वरी बाई उब्या. माज्याकडंच बगत हुत्या.

मला कानडी येतंय ते दोनच शबूद. म्हनलं, "बर्री, कूडरी." या, बसा. त्येंचा हात धरला, आत नेलं, माज्या जागंला बसवलं, आन त्येंच्या शेजारी मी. पोरं लई रडत न्हाईत वो, चार दिसात गप हुत्यात. म्हाताऱ्यास्नी येळ लागतोय.

सांजच्याला गुंडाचा फोन. "दादा, पोरगं गेलं न्हवं दुसरीत? मग आता कशाला थांबलास?" म्हनलं, गुंडा, आजकाल पहिलीत कुनालाच नापास करत न्हाईत म्हंत्यात. मलाच कसं केलं, काय म्हाईत बाबा.