मान खाली, हात चालू

...आणि वर म्हणायचं काय, तर हौस! अहो, कसली हौस? तुम्हाला सांगते, मालनला टोपल्या विणायची हौस असती तर माहेरी, माण तालुक्यात, नसत्या का विणल्या? भाकरीची दुरडी, शेणाची पाटी, लग्नातल्या परड्या... टोपल्यांना काय तोटा होता? पण तिथं त्या बाजारातून आणायच्या, पोरीनं घरी करत बसायच्या नाहीत. ते शिकायला बाईला जयपूरला यावं लागलं, हवालदार सर्जेरावांची बायको म्हणून, मिलिटरीच्या क्वार्टरात.

झालं असं की पलटण गेली वर. वर म्हणजे कुठं, ते विचारायचं नसतं. फोन लागत नाही, लागलाच तर "बरा हाय, जेवलीस का" एवढ्यात कट. मागं राहिलेल्या बायका काय करणार? टीव्हीवरच्या बातम्या बघणार, एकमेकींना घाबरवणार, रडणार... म्हणून सीओसाहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या मोठ्या साहेबांच्या, मॅडमनी शक्कल काढली. हॉबी क्लास! रोज दुपारी, वेल्फेअरच्या हॉलमध्ये, पंख्याखाली. "लेडीज, बस, हाथ चलते रहने चाहिए. हाथ चलेंगे तो दिमाग नहीं चलेगा." मॅडम वाईट नव्हेत हो, त्यांचेही साहेब वरच की. पण हौस अशी हुकमानं येते का? इथं आली, हजेरी लावून आली. 'यायलाच पाहिजे असं काही नाही' असं सांगितलं ना, की समजायचं, यायलाच पाहिजे.

आधी बांधणी झाली, कापडाला गाठी मारून रंगवायची. आठवडाभर मालनचे हात असे निळे, की दूधवाला भैया दचकून म्हणाला, "भाभीजी, डॉक्टर को दिखाया?" मग लाखेच्या बांगड्या झाल्या, त्यात दोघीतिघींची बोटं भाजली. मग आली मुंज. मुंज म्हणजे गवत हो, आपल्याकडं लावतात ती नव्हे! शिकवायला झोटवाड्याहून धापूबाई यायच्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. गवताची जुडी धरायची, तिच्याभोवती रंगवलेली पात गुंडाळायची, दाभणानं मागच्या वेढ्यात भोक पाडायचं, पात त्यातून ओवायची आणि खेचायची. "कस के, बींदणी, कस के!" बींदणी म्हणजे सूनबाई. खेचलं की पात बोट कापते, नाही खेचलं की टोपलीचं ताट होतं. मालनची पहिली टोपली... तिला टोपली म्हणणं हा धापूबाईंचा मोठेपणा. बोटांना चिकटपट्ट्या लावून बाई रात्री भांडी घासायची, आणि याला म्हणायचं हौस!

तिच्या सतरंजीवर शेजारी बसायची सोनम. भंडाऱ्याची पोर, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, नवरा मंगेश सर्जेरावांच्याच तुकडीत. ही सगळं सैल विणायची आणि सारखी बडबडायची, "ताई, पाहून राहिले का तुम्ही, याच्यात तर कांदेबी नाही राहत." मालन हसायची. दुपार निघून जायची. तेवढं मात्र खरं, दुपार जायची.

आता एक गोष्ट सांगते, जी क्वार्टरातल्या बाईला कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येते. चांगली बातमी फोनवर येते. वाईट बातमी साहेबांच्या जिप्सी गाडीतून येते. आणि तेव्हा मॅडम एकट्या नसतात, सोबत सुभेदार मेजरसाहेबांच्या बाई असतात, पाण्याची बाटली घेऊन.

तर एका मंगळवारी, बाहेर लू, तिकडचा भाजणारा वारा, असली सुटलेली की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही, हॉलसमोर जिप्सी थांबली. मॅडम यायच्या शनिवारी, गॉगल केसांवर, हातात मोबाइल, "फोटो, लेडीज, फोटो!" करत. आज तसलं काही नाही. दोन दारं वाजली. दोन. हॉलमधली बडबड बंद पडली, आणि तुम्हाला सांगते, एकीनंही मान वर केली नाही. धापूबाईंनीसुद्धा नाही. सगळ्या माना खाली, सगळे हात चालू, जशी काही जी बघेल तिचीच बातमी! कुंकू लावलेल्या एवढ्या बायका, आणि आवाज कशाचा, तर दाभणाचा. कच्... कच्... काय ती हौस!

मान खाली म्हटल्यावर दिसणार काय? चपला. मॅडमच्या तपकिरी चपला दारातून आत आल्या, मागून दुसरीच्या काळ्या. पहिल्या सतरंजीपाशी आल्या, पुढं गेल्या. दुसरीपाशी आल्या, पुढं गेल्या. मालन पात खेचतेय, बोट कापलं, रक्त आलं, तरी खेचतेय. चपला तिच्या सतरंजीपाशी आल्या आणि थांबल्या. सतरंजीवर दोघीच. मालन आणि सोनम. आणि त्या घटकेला आमच्या मालननं, जिनं उभ्या जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, उपासाच्या दिवशी मुंगी मारली नाही, तिनं देवाला काय सांगितलं असेल? हिच्याकडं. देवा, हिच्याकडं वळू दे.

मॅडम वाकल्या. हात सोनमच्या खांद्यावर ठेवला.

आणि मालनच्या तोंडून आवाज निघाला. "हुश्श!" मोठ्यानं! पंख्याच्या घरघरीतही ऐकू जाईल असा. तो परत गिळता येतो का? नाही येत. सोनम मात्र विणतच होती, म्हणाली, "मॅडमजी, बस, ये लाइन पूरी कर लूँ," आणि काळ्या चपलांनी तिच्या हातातलं दाभण हळूच काढून घेतलं.

गोळी नाही, बॉम्ब नाही. गाडी दरीत गेली. मंगेश गेला. सर्जेराव मागच्या गाडीत होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बरा हाय, जेवलीस का?" बाईला रडूही येईना, हसूही येईना.

पुढं प्रदर्शन भरलं. मालनची त्या दिवशीची टोपली अशी घट्ट झालेली, की पाणी ओतलं तरी गळणार नाही. पहिला नंबर! धापूबाईंनी पाठ थोपटली, मॅडमनी फोटो काढला. मालन त्या फोटोत कशी दिसते ते विचारू नका. तिच्या डोक्यात एकच, सोनमनं ऐकलं असेल का? ऐकलं असेल तर तोंड कुठं लपवू? सर्जेरावांना फोनवर सांगायला गेली, तर म्हणाले, "कायतरीच डोक्यात घेतीस. हौसेचं कायतरी करत जा की."

महिन्यानं सोनम क्वार्टर रिकामं करायला आली, भाऊ बरोबर. सामान टेम्पोत चढलं, आणि पोर मालनच्या दारात उभी. मालननं दारातच हात जोडले.

"ताई," सोनम म्हणाली, "तुम्ही हुश्श केलं ना, मी आयकलं होतं."

मालन खाली बघायला लागली.

"मनाला नोका लावून घेऊ. मीबी तेच मागून राहिली होती. म्हटलं, देवा, ताईकडं वळू दे."

मालन दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "च्या टाकू का?"

"टाका," सोनम म्हणाली, आत येऊन बसली. आणि मालननं टाकला. दारी आलेल्याला चहा विचारावाच लागतो ना हो.