मूठभर सालपटं

रोपवाटिकेच्या रांगेत पुढे दोघी जावा बोलत होत्या आणि मागे उभ्या असलेल्या एका मास्तरांना काही कान मिटून घेता येत नव्हते.

"जाऊबाई, सासूबाईंचं ऑर्किड तुमच्याकडे भरभरून फुललंय म्हणे. त्यातला माझा वाटा मात्र मरायला टेकलाय."

"पाणी फार घालत असशील."

"नाही हो. इथले माळीदादा म्हणाले, मुळांत चांगली बुरशी असते, तीच झाडाला भरवते. तुम्ही तर मला मुळं धुऊन दिलीत."

"स्वच्छ करून दिलं, तेही चुकलं का?"

"तसं नाही. पण त्या बुरशीची विकतची पूड दोनदा घालून पाहिली, लागू पडेना. तुमच्या कुंडीत मुळांभोवती असतात ती लाकडाची मूठभर सालपटं द्या, त्यात ती बुरशी असेल."

"आणि मुळं ढवळून माझंच झाड गेलं तर?"

"मूठभरच मागतेय. सासूबाईंची तेवढीच आठवण आहे माझ्याकडे."

"तुम्ही दोघं घर सोडून निघालात तेव्हा नाही आठवल्या त्या?"

"जाऊबाई... धुताना तुम्हाला हे बुरशीचं ठाऊक होतं?"

"होतं की. सासूबाईंनीच शिकवलं. शेवटच्या आजारात तू त्यांची औषधं आणायला जायचीस ना, तेव्हा."

थोरलीने पुढे बोट दाखवलं.

"सरक पुढे, तुझा नंबर आला."